गाडीचा चोरखिसा

चोराचा मराठी माणसाने जितका धसका घेतला, तितकेच शब्दही त्याच्या नावाने बनवले. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा, चोरवाट. गंमत म्हणजे यांतली एकही वस्तू चोराच्या मालकीची नाही. बंडीच्या आतून शिवलेला खिसा चोराला सापडू नये म्हणून असतो. रायगडाच्या तटात चोरदिंडी आहे, तीही कुणी चोरांची सोय म्हणून बांधलेली नाही. जे लपवून ठेवायचं त्याला सरळ चोराचंच नाव देऊन टाकायचं, ही आपल्या भाषेची खोड. माझ्या आजीच्या शिसवी पेटीला तळाशी असा एक चोरकप्पा होता. त्यात फार काही नव्हतं, पण तो आहे हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं म्हणतात.

मोटारीच्या दुनियेने या मालिकेत एका शब्दाची भर घातली. तो म्हणजे चोर स्विच.

कुठल्याही गॅरेजात जाऊन हा शब्द उच्चारा, मिस्त्री मान वर न करता विचारील, ‘कॉइलला टाकू की सेल्फला?’ ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत कुठे तरी, सहज दिसणार नाही असं एक बटण बसवायचं. गाडी सुरू व्हायला लागणाऱ्या एखाद्या तारेतला प्रवाह या बटणाने तोडता येतो. गाडी उभी केली की बटण बंद करायचं आणि उतरायचं. मग चोराने काच फोडो, बनावट किल्ली लावो, वायरी जोडो, गाडी हलत नाही. इतकीच ही विद्या. दोन हात वायर, एक बटण, एक फ्यूज आणि मिस्त्रीची अर्ध्या तासाची मजुरी.

माझी गाडी १९९८ सालची मारुती ८०० आहे. बँकेच्या कर्मचारी कर्जातून घेतली आणि त्याचे हप्ते माझ्या पगारातून माझ्याच बँकेने कापले. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३ साली नोंदणी वाढवून घेतली, हरित कर भरला. पुढे २०१८ आणि २०२३ साली तेच केलं. दर वेळी मुलगा बंगळूरहून फोन करतो, ‘बाबा, आता विका.’ मी म्हणतो, बघू. अशा गाडीवर चोराचा डोळा कशाला जाईल, असंच मला वाटायचं. गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या आमच्या गल्लीतून महिन्याभरात दोन जुन्या गाड्या गेल्या, तेव्हा मिस्त्रीने माझा गैरसमज दूर केला. ‘साहेब, आठशे बनवायची बंद झाली २०१४ ला. गाड्या अजून फिरतायत, पार्ट कुठून येणार? नव्या गाडीला चोराला लॅपटॉप लागतो. तुमच्या गाडीला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.’

यात पैशाचा एक हिशेब आहे आणि जुना बँकवाला असल्याने तो मला आधी दिसला. जुन्या गाडीचा विमा बहुतेक जण फक्त तृतीय पक्षाचा काढतात, कारण कायद्याला तेवढाच लागतो. माझाही तसाच आहे. अशा विम्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई मिळते. आपली गाडी चोरीला गेली तर दमडीही मिळत नाही. पोलिसांत फिर्याद मात्र तातडीने द्यावी लागते, कारण ती गाडी उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली तर नोंदणी आपल्या नावावर असते. म्हणजे जिचं बाजारमूल्य कमी, तिच्या चोरीत मालकाचं नुकसान शंभर टक्के. मी मिस्त्रीला म्हटलं, टाक स्विच.

त्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. ‘कुठे टाकू?’

मी म्हटलं, ‘तू कारागीर, तूच सांग.’

‘नको साहेब. मी जिथे टाकीन तिथेच चोर हात घालील. तोही कुठल्या तरी गॅरेजातच शिकलेला असतो. जागा तुम्ही सांगा, तार मी ओढतो.’

पन्नाशीच्या आसपासचा हा गृहस्थ आठवीपर्यंत शिकलेला आहे. बँकेत सुरक्षेवरची प्रशिक्षणं मी पुष्कळ केली, पण इतकं नेमकं वाक्य त्यांत ऐकल्याचं आठवत नाही. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताच्या कप्प्यात, सीटच्या पुढच्या कडेला या मिस्त्री लोकांच्या ठरलेल्या जागा. चोर पहिल्या मिनिटात तिथे चाचपून बघतो. जागा मालकाच्या सवयीतून आली पाहिजे, म्हणजे दुसऱ्याला ती सुचणार नाही. मात्र ती अशीही नको की रोज वाकून पाठीत उसण भरेल. दोन दिवस मी गाडीत नुसता बसून होतो. शेजारच्या आजोबांनी घरी भांडण झालं का म्हणून चौकशी केली.

तार कुठली तोडायची यावर मिस्त्रीने मला अर्धा तास दिला आणि त्यात माझी दुपार सार्थकी लागली. स्टार्टरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ’ची तार तोडली तर किल्ली फिरवल्यावर आवाजच येत नाही. दिव्यांवरून बॅटरी चांगली आहे हे कळतं, तेव्हा चोराला लगेच संशय येतो. शिवाय जुन्या गाडीला सेल्फची गरजच नसते. उतारावर दोघांनी ढकललं आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन चालू. ‘धक्का स्टार्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालापण येतं,’ असं मिस्त्रीचं म्हणणं. इग्निशन कॉइलला जाणारी तार तोडली तर सेल्फ छान फिरतो, खर्रखर्र आवाज होतो, पण ठिणगीच पडत नसल्याने इंजिन पकडत नाही. चोराला वाटतं गाडीच खटारा आहे. धक्का मारूनही उपयोग नाही. सेल्फच्या त्या आवाजाने चार खिडक्या उघडतात हा वरचा फायदा. तिसरा प्रकार पेट्रोल तोडण्याचा. नव्या गाड्यांत टाकीतला पंप विजेवर चालतो, त्याची तार तोडतात. नळीत राहिलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडी जाते आणि रस्त्याच्या मधोमध आचके देत बंद पडते. चोराची फजिती यात सर्वांत जास्त, पण आपली गाडी भररस्त्यात, चोरासकट. आम्ही कॉइल ठरवली.

यात एक सावधगिरी आहे आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. बटण असं बसवलं पाहिजे की चालत्या गाडीत गुडघा लागून किंवा लहान मुलाचा हात लागून ते बंद होणार नाही. धावत्या गाडीचं इंजिन अचानक थांबलं की बहुतेक गाड्यांत ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच टिकते, पुढे ब्रेक दगडासारखा होतो. जिथे पॉवर स्टिअरिंग आहे तिथे चाकही जड होतं. कॉइलमधून जाणारा प्रवाह पेलेल इतकं दणकट बटण हवं. घंटीचं स्वस्त बटण लावलं तर ते तापतं, आणि चोराऐवजी आगीने गाडी जाते. तारेला फ्यूज हवा आणि जोड पक्का हवा, नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला नको. आणि संगणकावर चालणाऱ्या आजच्या गाडीच्या वायरिंगला गल्लीतल्या माणसाने हात लावूच नये. तिथे एक तार तोडली की डॅशबोर्डवर दिवाळी होते आणि कंपनीची हमी जाते ती वेगळीच.

उभी गाडी निकामी करून ठेवण्याची ही कल्पना आजची नाही. मोटारीला सुरुवातीला किल्लीचं कौतुकच नव्हतं. पुढे हँडल घालून फिरवायचं आणि हात मोडणार नाही अशी प्रार्थना करायची. विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत १९१२ साली आला आणि गाडी चालवणं सोपं झालं. मालकाला सोपं झालं तसं चोरालाही झालं, हे ओघानेच आलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवण्याची सक्तीच झाली. गाडी सोडून जाताना डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचा रोटर काढून बरोबर नेणं हा त्यातला सर्वमान्य उपाय होता. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा बॅकेलाइटचा तुकडा. तो नसेल तर ठिणगी कुठल्याच सिलिंडरकडे जात नाही.

मी १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हाचे माझे पहिले शाखाधिकारी हेच करत. तालुक्याचं गाव, त्यांची फियाट बँकेसमोरच्या लिंबाखाली उभी असायची. सकाळी आल्यावर बॉनेट उघडायचं, रोटर काढायचा, रुमालात गुंडाळायचा आणि टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवायचा. एकदा एका खातेदाराने तो चुंबक समजून टाचण्या उचलून बघितल्या. गावात मोटारी होत्या मोजून पाच, चोरून नेणारा नेणार कुठे? पण साहेबांचा हिशेब वेगळा होता. ‘रोज केलं की विसरत नाही,’ असं ते म्हणत. लिंबाखालची फियाट कधी चोरीला गेली नाही, हेही खरं.

जगाने पुढे हे काम कारखान्यातच करून घेतलं. किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तिचा संकेत इंजिनाच्या संगणकाने ओळखला तरच गाडी सुरू होते. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब मांडला, की त्यांच्या देशात या सक्तीमुळे मोटारचोऱ्या सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. त्या हिशेबात एक ओळ अशीही होती की चोरांनी आपला काही मोर्चा इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळवला. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथे किआ आणि ह्युंदाई कंपन्यांची कित्येक मॉडेलं इमोबिलायझरशिवाय विकली गेली. २०२१-२२ च्या सुमारास ती कशी पळवायची याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि कोवळ्या वयाच्या पोरांनी गाड्या उचलण्याचा सपाटा लावला. काही पोरं त्यात मेलीसुद्धा. कॅनडात कायद्याने यंत्र होतं म्हणून ती युक्ती तिथे चालली नाही. इतक्याशा चिपचा हा फरक.

‘चोरांनी मोर्चा वळवला’ ही ओळ मला काही दिवस छळत होती. माझी गाडी हलली नाही म्हणजे चोर शेजारची बघणार. माझ्या बंदोबस्ताचा भुर्दंड शेजाऱ्याने का सोसायचा? यावरही कुणी तरी विचार करून ठेवलेला निघाला. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ साली ‘लोजॅक’ नावाच्या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडीत लपवलेला हा छोटा रेडिओ-प्रक्षेपक. गाडी चोरीला गेली की त्याच्यावरून पोलीस तिचा माग काढत. गाडीवर त्याची कसलीही खूण नसे. त्यामुळे कुठल्या गाडीत तो आहे हे चोराला कळत नसे, आणि चोर त्या शहरातल्या सगळ्याच गाड्यांना वचकून राहत. यंत्राच्या एकूण लाभातला दहा टक्क्यांहूनही कमी भाग पैसे देणाऱ्याच्या पदरात पडतो आणि बाकीचा अनोळखी लोकांना मिळतो, असं त्यांचं गणित होतं. उलट स्टिअरिंगला लावलेला पिवळा दांडा काचेतून दिसतो. तो चोराला सांगतो, इथे नको, पुढच्या गाडीकडे जा. माझं बटण लोजॅकइतकं पुण्यवान नाही. ते चोराला पकडून देत नाही, त्याची दहा मिनिटं तेवढी खातं. पण ते कुणाच्या गाडीत आहे हे दिसत नाही, एवढा गुण त्यातही आहे.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत सांगितलं. त्यावर साधकबाधक चर्चा झाली, म्हणजे चहा दोनदा झाला. एका सद्गृहस्थांनी सूचना केली की आपण सर्वांनी काचेवर ‘या गाडीत चोर स्विच आहे’ असं स्टिकर लावावं. दुसऱ्यांनी हरकत घेतली, मग तो चोर स्विच कसला? शेवटी ज्याने-त्याने आपल्या मनासारखं करावं असा ठराव एकमताने झाला. पुढच्या आठवड्यात तीन गाड्यांवर स्टिकर झळकलं. त्यांतल्या एकाही गाडीत स्विच नाही, हे मिस्त्रीने मला खासगीत सांगितलं.

इथवर गोष्ट करमणुकीची होती. यापुढची तशी नाही. ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याच्या परवानगीने लिहितो, नाव सोडून.

हा माझा बँकेतला मित्र. एकाच वर्षी लागलो, दोन वर्षांच्या अंतराने निवृत्त झालो. स्वभावाने शिस्तीचा, खाती जुळल्याशिवाय घरी न जाणारा. त्याच्या घरी मुलगा परगावी नोकरीला, इथे तो, वहिनी, सून आणि नात. गाडी जुनी, पण लख्ख ठेवलेली. तिच्यात त्याने माझ्या खूप आधी चोर स्विच बसवून घेतला होता आणि तो कुठे आहे हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. गाडी बहुधा तोच चालवायचा. सुनेला कधी हवी असली तर हा आधी खाली जाऊन गाडी ‘बाहेर काढून’ द्यायचा. म्हणजे हळूच बटण चालू करून ठेवायचा. परत आली की ‘नीट लावून’ यायचा. सासरे प्रेमळ आहेत, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला.

एका रात्री दोनच्या सुमाराला त्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला, वाचा जड झाली. सुनेने वेळ न घालवता वॉचमनच्या मदतीने त्याला गाडीत मागे बसवलं, किल्ली लावली. सेल्फ फिरला, इंजिन पकडेना. पुन्हा, पुन्हा. पेट्रोल होतं. बॅटरी हळूहळू मंद व्हायला लागली. मागच्या सीटवरून हा हाताने काही खुणा करत होता. पुढच्या सीटच्या दिशेने बोट दाखवत होता. वहिनींना वाटलं त्याला पुढे बसायचं आहे. सुनेला वाटलं त्याला पाणी हवं आहे. वॉचमन ढकलायला लागला, पण कॉइलच बंद असल्यावर ढकलून काय होणार? अखेर समोरच्या इमारतीतल्या एका मुलाने आपली गाडी काढली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली.

तो वाचला. अँजिओप्लास्टी झाली, आता सकाळी चार किलोमीटर चालतो. पण हृदयाच्या स्नायूला वीस मिनिटं रक्त न मिळणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी त्याला नंतर पडद्यावर दाखवलं. तो भाग पुन्हा पूर्वीसारखा होणार नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने स्वतःच स्विचची गोष्ट सांगितली. मी तिथे बसलो होतो. वहिनी उठून आत गेल्या. सून काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘बाबा, चोराला कळू नये म्हणून केलंत ते ठीकच आहे. पण मग मी कोण?’

त्याच्यापाशी उत्तर नव्हतं आणि माझ्यापाशीही. मला वाटतं या प्रश्नाला आमच्या पिढीच्या बहुतेक पुरुषांपाशी उत्तर नाही. ‘बायकांच्या पोटात राहत नाही’ हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मृत्युपत्र कुठे आहे, मुदतठेवी कुठल्या बँकांत आहेत, लॉकरची किल्ली कुठल्या पुस्तकामागे आहे, सगळं आपल्या डोक्यात ठेवायचं आणि त्याला जबाबदारी म्हणायचं. नोकरीत असताना माझ्या टेबलासमोर किती तरी विधवा येऊन बसल्या. नवऱ्याचं खातं होतं एवढं माहीत, पण किती, कुठल्या शाखेत, नामांकन कुणाचं, ठाऊक नाही. त्या माणसांनी ते पैसे चोरापासून उत्तम राखले होते.

आश्चर्य याचं की माझा हा मित्र तीस-पस्तीस वर्षं ज्या संस्थेत काम करत होता तिथे असा व्यवहार एक दिवससुद्धा चालला नसता. बँकेची तिजोरी एका माणसाच्या हाती कधीच नसते. तिला दोन किल्ल्या. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. यात माणसावर अविश्वास आहे असं नव्या पोरांना वाटतं. पण उद्या त्यांतला एक आजारी पडला, अपघातात सापडला, तर? म्हणून दुसरा जोड मोहोरबंद पाकिटात, सह्यानिशी, दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो आणि तो तिथे आहे याची नोंद वहीत असते. ठरावीक मुदतीने तो आणून वापरातला जोड बदलतात. गुपित राखायचं आणि माणूस गेला तरी काम अडू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी ती पद्धत एकदम साधते. ती मोडली तर आमच्यावर ठपका येई. घरात आमच्यावर ठपका ठेवणारा तपासनीस नव्हता.

मित्राने आपल्या घराचा नियम बदलला तो त्याच्या सुनेनेच केलेला आहे आणि मी तो जशाच्या तसा उचलला. गाडीची किल्ली ज्याच्या हाती जाते त्याला बटण माहीत पाहिजे. ज्याला बटण सांगायचं नाही त्याच्या हाती किल्ली द्यायची नाही. गॅरेजात किंवा हॉटेलच्या पार्किंगवाल्याकडे गाडी सोडताना बटण चालू ठेवून सोडायचं आणि विषय काढायचा नाही. परगावच्या मुलाला फोनवर न सांगता तो घरी येईल तेव्हा हाताने दाखवायचं. आणि सहा महिन्यांतून एकदा, रात्री, दिवा न लावता प्रत्येकाने गाडी सुरू करून बघायची. ही शेवटची कल्पना मला कारकुनी वाटली होती. करून बघितली तेव्हा पटली. अंधारात, घाईत, हात थरथरत असताना बोटांना जागा आठवते की नाही हे दिवसाच्या उजेडात कळत नाही.

विम्यात या उपद्व्यापाची काही सवलत मिळते का, असंही एकाने विचारलं. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये चोरीविरोधी यंत्राला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये, अशी सवलत ठेवली होती. पण यंत्र पुण्याच्या ‘एआरएआय’ची मान्यता असलेलं हवं. आमच्या मिस्त्रीच्या बटणाला ती मान्यता मिळण्याचा संभव नाही. विचारणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळला.

माझ्या गाडीत स्विच बसला त्या संध्याकाळी मी पत्नीला खाली नेलं. ती गेली बारा वर्षं गाडी चालवते, माझ्यापेक्षा बरी. मी तिचा हात धरून जागेवर नेऊन ठेवला. तिने दोनदा बंद-चालू करून पाहिलं, किल्ली फिरवून सेल्फचा तो रिकामा आवाज ऐकला, मग बटण दाबून इंजिन सुरू केलं. ‘बरी शोधलीत जागा,’ म्हणाली. तिच्याकडून आलेलं हे प्रशस्तिपत्रक मी जपून ठेवलं आहे.

लिफ्टमध्ये ती गप्प होती. घरात शिरल्यावर म्हणाली, ‘चला, आता तुम्हीही बघून ठेवा.’ आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. फडताळातल्या वरच्या खणात धान्याचे सात डबे एका ओळीत आहेत. इतकी वर्षं मी ते रोज बघतो. तिने त्यांतला एक खाली काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक लहान कापडी पिशवी वर काढली. तिच्या आईच्या पाटल्या त्यात होत्या. लॉकरमध्ये आहेत असं मी समजून होतो.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘तुमची जळगावला बदली झाली तेव्हापासून,’ ती म्हणाली आणि पिशवी पुन्हा धान्यात खुपसून डबा वर ठेवला. कुठला डबा, ते मी लिहीत नाही.